चार स्क्रूंच्या खाचा

आमच्या घरातल्या कुठल्याही स्क्रूची खाच तिरपी नव्हती. दाराच्या बिजागऱ्या, आईची ट्रंक, घड्याळाची पाठ, कुठेही बघा. उभ्या लाकडावर खाच उभी, आडव्यावर आडवी. पुण्याला कॉलेजात गेलो तेव्हा वसतिगृहातल्या माझ्या टेबलाचे स्क्रू वाटेल तशा दिशांना तोंडं करून बसले होते. ते बघून पहिले काही दिवस मला अभ्यास सुचेना. शेवटी एका मुलाकडून पेचकस मागून आणला आणि सगळे सरळ केले. मुलं हसली. लोहाराचा पोरगा, म्हणाली. मी म्हटलं, आहेच.

लोहार म्हणजे तसे अगदी लोहार नव्हे. माझे वडील, मी त्यांना आबा म्हणायचो, बंदुका दुरुस्त करायचे. त्यांचे वडील धुळ्याकडच्या एका खेड्यात नांगराचे फाळ करत. आबांनी जळगावात दुकान टाकलं, कचेरीतून परवाना काढला आणि ठासणीच्या बंदुकांपासून साहेबांच्या रायफलींपर्यंत काय येईल ते हाताखालून घातलं. इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं. मराठी सही करत, तीही कानस चालवल्यासारखी दाबून. त्यांचा मुलगा बी.एस्सी. झाला. आमच्या सात पिढ्यांत पाटीला हात लावलेला मी पहिला आणि पदवी घेतलेलाही पहिलाच. हे मी लपवत नाही. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे. पण पुढं जे सांगायचं आहे ते त्या अभिमानातूनच झालं, म्हणून तो आधी सांगितला.

मी पदवी घेऊन आलो तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं. घरात आम्ही दोघंच. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. भाकरी आबा करत, भाजी मी. नोकरीसाठी अर्ज टाकत होतो आणि उत्तराची वाट बघत होतो. दुकानात बसलो तर लोक विचारत, एवढं शिकून इथंच का? म्हणून मी दुकानात फारसा बसत नसे. मेहरूणच्या तळ्याकडे फिरायला जायचो, बांधावर बसून पाणी बघायचो आणि आबांच्या जेवणाच्या वेळेला परत यायचो. जेवताना आबा ताटाकडे बघत, मी भिंतीकडे. आमचं भांडण नव्हतं. बोलायचा विषय सापडत नव्हता एवढंच. मी शिकलो होतो ते त्यांना सांगता येत नव्हतं आणि त्यांना येत होतं ते मी विचारत नव्हतो.

तो विषय आणून दिला जामनेरकडच्या नानांनी. हे नाना म्हणजे तिकडचे मोठे शेतकरी. कापूस होता, केळीचा बाग होता, आणि रानडुकरं दोन्हींची नासधूस करायची. त्यांची आबांशी वीस वर्षांची ओळख. एका बदली झालेल्या जंगलसाहेबाकडून त्यांनी रायफल विकत घेतली होती आणि तिच्याबरोबर एक दुर्बीण. दुर्बीण वेगळी, डबीत. ती रायफलीवर बसवून द्यायची. नानांची बोली तावडी, ळ च्या जागी य. ते आबांना म्हणाले, "भाऊ, मले नयीवरची माशीच दिसत नही आता. डोये गेले. ही काच बसवून दे, म्हनजे अजून चार वर्सं डुकरं हाकलीन." माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा दाणा.

आबांनी असं काम कधी केलं नव्हतं. जळगाव-धुळ्यात कुणीच केलं नव्हतं. नानांनी मुंबईच्या मोठ्या दुकानाचं नाव काढलं तसे आबा म्हणाले, ठेवून जा. मला त्यांच्या आवाजावरून कळलं की हे काम त्यांना फार हवं होतं. बाहेर लोक म्हणत, त्यांच्या हातचा स्क्रू माणूस मेला तरी हलत नाही. आबा ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. पण ते वाक्य त्यांची सगळी कमाई होती, दुसरी काही नव्हती.

डबीत एक छापील कागद होता, इंग्रजी. आबांनी तो माझ्यापुढं धरला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला काही वाचायला दिलं.

मी वाचून मराठीत सांगायला लागलो. दुर्बीण थेट रायफलीवर बसत नाही. आधी दोन बैठका बसवायच्या, पोलादाचे छोटे ठोकळे, एक पुढे आणि एक मागे, जिथं आत बोल्ट सरकतो त्या पेटीच्या पाठीवर. प्रत्येक बैठकीला दोन स्क्रू. बैठकांवर कड्या, कड्यांत दुर्बीण. सगळा भार त्या चार स्क्रूंवर. रायफल दर बाराला लाथ मारते, आणि ती लाथ खाऊन बैठक केसभर जरी सरकली तरी शंभर पावलांवर गोळी वीतभर बाजूला जाते. कागदावर शेवटी जाड अक्षरांत लिहिलं होतं की स्क्रू आणि भोकं स्पिरिटनं धुऊन अगदी कोरडी करावीत आणि मगच आवळावीत.

आबा हसले. घरात त्यांची बोली अहिराणीच. म्हणाले, "ते माले माहीत शे. तेल लोखंडले सरकाले शिकाडस."

पुढचे आठ-दहा दिवस आमच्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते. मी दुकानात बसलो. आबांनी पेटीच्या पाठीवर काजळाचा पातळ हात फिरवला, बैठक वर टेकवून उचलली. बैठकीच्या पोटाला जिथं काळं लागलं तिथं ती उंच. तेवढंच घासायचं. परत काजळ, परत टेकवायची, परत दोन हात कानस. पहिल्या दिवशी बैठकीला काळं तीन ठिपके लागायचं. तिसऱ्या दिवशी ते पोटभर सारखं लागलं तेव्हा त्यांनी मला बोलावून दाखवलं. पुढे भोकं पाडायची वेळ आली. पेटीचं पोलाद पाणी दिलेलं, वरचा थर काचेसारखा. ड्रिल नुसतं फिरायचं आणि किंचाळायचं. आबांनी तेवढ्या जागेचा थर छोट्या दगडानं खरवडून काढला आणि मग ड्रिल घुसलं. आटे पाडताना तर त्यांनी श्वास रोखलेला मी पाहिला. आत बोल्टला स्क्रूचं टोक लागू नये म्हणून भोकात मेण भरून खोली मापली. हे कागदात नव्हतं. मी ते कौतुकानं बोलून दाखवलं, तर आबांना ते आवडलंही आणि आवडलंही नाही.

आणि मग खाचा. कोरडा स्क्रू पूर्ण आवळल्यावर खाच जिथं थांबेल तिथं थांबेल, त्याला कोण काय करणार? आबा करत. स्क्रूच्या टोपीखालून कणभर घासत, परत आवळून बघत, परत काढून घासत, असं करत करत पूर्ण आवळलेल्या स्क्रूची खाच बरोबर नळीच्या रेषेत आणत. एका स्क्रूला अर्धा दिवस गेला. मी विचारलं, कशासाठी? दुर्बीण वर बसली की दिसणार पण नाहीत. आबा म्हणाले, उद्या कुणी बघितलं आणि खाच रेषेतून ढळलेली दिसली तर त्याला कळेल की स्क्रू हलला. बोलणं संपवून ते परत कामाला लागले. दिसायला सुंदर म्हणून नव्हे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी ते सौंदर्य समजत होतो.

अष्टमीला दिवस कलताना चौथा स्क्रू रेषेत आला. आता सगळे काढून, धुऊन, वाळवून कायमचे आवळायचे राहिले. पण उजेड गेला होता आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आबांनी चारी स्क्रू हरवू नयेत म्हणून बोटांनी नुसते फिरवून ठेवले. म्हणाले, दसरा झाल्यावर सकाळच्या उन्हात करू.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं पाटावर मांडायची. कानशी, हातोड्या, ड्रिल, पेचकस आणि दुरुस्तीला आलेल्या बंदुकाही. तिळाच्या तेलाचं बोट, त्यावर हळद-कुंकू, झेंडूचं फूल. एकदा पाटावर गेलेलं हत्यार दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही. त्यांना विश्रांती. आबांनी त्या वर्षी नानांची रायफल मधोमध ठेवली आणि बैठकांना इतर कशालाही लावलं नाही इतकं तेल-कुंकू लावलं. ते त्यांचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम होतं. तेल खाली उतरेल ना, असं मी म्हटलं, तर म्हणाले, मग धुवायचंच आहे.

दसऱ्याला सकाळी आबा थोरल्या बहिणीकडे गेले. दर दसऱ्याला तिच्या गावी जाऊन तिला सोनं द्यायचं आणि संध्याकाळी परतायचं हा त्यांचा नेम. मी एकटा होतो. दुपारच्या आधी दारात बैलगाडी थांबली. बैलांच्या शिंगांना झेंडूच्या माळा. नाना आले होते, सोबत त्यांचा सालदार, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. काळासावळा, उंच, माझ्याच वयाचा. नानांना रायफल आजच हवी होती. घरी शस्त्रपूजेला नवं शस्त्र नाही म्हणजे काय, आणि संध्याकाळी गावातल्या चार लोकांना दाखवायची पण होती. मी सांगितलं, काम पूर्ण आहे पण शेवटचं आवळायचं बाकी आहे, आबा येऊ द्या. नाना म्हणाले, संध्याकाळ झाली तर मी जामनेरला कधी पोचू? मी पाटाकडे बघितलं. तेव्हा ते हसत हसत सालदाराकडे वळले, पण बोलले मला ऐकू येईल असं.

"पुन्याले जाऊन येवढं शिकले, अन् चार स्क्रू आवयाले बाप लागतो."

सालदार हसला नाही. हे माझ्या चांगलं लक्षात आहे. तो बैलांकडे बघत होता.

मी पाटावरून पेचकस उचलला. मुठीवर कुंकू होतं, ते अंगठ्यानं पुसलं. रायफल वाइसमध्ये, बाकावरच्या पकडीत, धरली. स्पिरिटची बाटली कोनाड्यात होती, हात पुरत होता. पण चार स्क्रू काढायचे, धुवायचे, वाळायला ठेवायचे, आणि नाना दारात उभे राहून बघणार. मला वाटलं, काय होतं एवढ्यानं. मी विज्ञानाचा पदवीधर, तो कागद मीच वाचला होता, आणि मला वाटलं काय होतं.

मी पहिला स्क्रू आवळला. खाच रेषेवर आली आणि तिथं थांबायच्या ऐवजी पुढे गेली. जोर लावला तशी आणखी पुढे, नखभर. तेलावर स्क्रू जास्त फिरतो, त्याला दुसरं कारण नाही. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे तसेच. चारी खाचा रेषेच्या पलीकडे, सारख्या तिरप्या. त्याच वेळी हात थांबवून धुतलं असतं तरी चाललं असतं. पण मला एकच दिसत होतं. कधीतरी आबा ही रायफल बघतील आणि त्यांना कळेल. म्हणून मी चारी स्क्रू नखभर मागे फिरवले. खाचा रेषेत आल्या, आबांनी आणल्या होत्या तशाच. वरचं कुंकू फडक्यानं पुसलं, कड्यांत दुर्बीण बसवली. नानांनी आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली, मी वाकून नमस्कार केला आणि गाडी गेली.

आबा दिवेलागणीला आले. पाटाकडे बघितलं. मी सांगितलं, नाना येऊन घेऊन गेले. ते पाटापाशी उकिडवे बसले. पेचकस मी जागेवर ठेवला होता, पण मुठीवर कुंकू नव्हतं. बाकी सगळ्यांवर होतं. दसऱ्याला हत्यार उचललं म्हणून ते बोलतील असं मला वाटलं. त्यांनी एकच विचारलं.

"बठ्ठा कोरडा करात?"

सगळे कोरडे केलेस ना? मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सदरा घातला आणि म्हणाले, एकदा जामनेरला जाऊन हात लावून येतो. मी चिडलो. म्हणालो, माझ्यावर चार स्क्रूंचाही विश्वास नाही का? मग मला शिकवलं कशाला? ते दारात थोडा वेळ थांबले, परत आले, सदरा काढून खुंटीला लावला. गेले असते तर सगळं टळलं असतं. त्यांना मी अडवलं.

त्यानंतर पाच-सहा आठवडे गेले. नानांचा निरोप आला होता की गोळी बोट ठेवावं तिथं लागते, तीन बार केले, तिन्ही एका जागी. आबांनी तो निरोप मला दोनदा सांगितला. दुकानात आलेल्या माणसालाही सांगितला. मी ऐकत होतो आणि मलाही वाटायला लागलं की झालं, टिकलं.

ज्वारी भरात आली होती तेव्हा नानांची गाडी परत आली. या वेळी शिंगांना काही नव्हतं. नानांनी रायफल बाकावर ठेवली आणि सांगायला लागले. ओरडले नाहीत, तेच वाईट होतं. आदल्या सकाळी एक मोठा एकुलगा, कळप सोडून एकटा हिंडणारा, डुक्कर केळीत शिरला होता. नानांनी खांद्यामागे नेम धरला. गोळी लागली ती पोटात, मागे. जखमी डुक्कर केळीतून सरळ सालदारावर गेला. मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाडली. त्याला इथल्याच सरकारी दवाखान्यात आणून ठेवला होता. डॉक्टर म्हणत होते, पाय राहील पण सरळ होणार नाही.

आबांनी दुर्बिणीवर तळहात ठेवला आणि हलकेच डोलवली. ती हलली. अगदी थोडी, पण टिक् असा आवाज आला. तिघांनी ऐकला. त्यांनी दुर्बीण काढली. खाली खाचा पाहिल्या. दोन रेषेतच होत्या, दोन ढळल्या होत्या. पहिल्या स्क्रूला पेचकस लावायची गरजच पडली नाही, तो बोटांनीच फिरला. बैठक उचलली. तिच्या पोटात तेल होतं, लालसर. आट्यांत कुंकवाचा चिखल बसला होता.

आबांनी तो अंगठ्यावर घेतला आणि अंगठ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या डाव्या हाताला दोन पावलांवर उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी वाट बघत होतो की ते बघतील, आणि बघितलं की मी बोलेन. हे खरं आहे का, मला माहीत नाही. तेव्हा तसं वाटलं होतं.

"हात मना शे," माझा आहे, आबा म्हणाले. "पूजेचं तेल धुवायचं राहिलं. चूक मनी शे."

नाना म्हणाले, भाऊ, तुझा हात? ते मला विचारत नव्हते. मी घरात होतो, मीच रायफल दिली होती, तरी त्यांना शंका आली नाही. सगळं काम आबांचं, आवळणं तेवढं मी केलं, हे ते विसरले असतील. किंवा आवळणं हे काम त्यांना कामच वाटलं नसेल. आबा परत म्हणाले, मनाच.

मी तिथं उभा होतो.

त्याच दिवशी आबांनी सगळं धुतलं, उन्हात वाळवलं, परत बसवलं. मी मागच्या खोलीत होतो. दवाखान्यात ते रोज गेले, सालदाराला घरी नेईपर्यंत. मला चल म्हणाले नाहीत. मीही गेलो नाही. महिन्याच्या आत त्यांनी बंदुकांचा परवाना कचेरीत परत दिला. कुणी मागितला नव्हता. आपण होऊन दिला. मग कुलपं, स्टोव्ह, शिवणयंत्रं. बाजारात लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याचा हात गेला. म्हातारे कसले, पन्नाशी पण नव्हती.

मला धुळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिक्षकाची जागा मिळाली. देवपुरात खोली घेतली, आणि त्याच दिवशी दाराच्या बिजागऱ्यांचे स्क्रू सरळ केले. मग हात थांबला. लाकडात घुसलेले स्क्रू मागे फिरवून मी ते ढिले करत होतो. परत आवळले, जसे बसले तसे राहू दिले. तेव्हापासून माझ्या दारावर सगळ्या खाचा वाकड्या आहेत.

देवपुरात माझं कुणी नव्हतं. शाळा सुटली की पांझरेच्या पुलावर जायचो, थोडा वेळ उभा राहायचो आणि परत यायचो. लग्नाच्या गोष्टी निघायच्या. मुलीकडचे विचारायचे, वडील काय करतात? पूर्वी या प्रश्नाचं उत्तर मी मान ताठ करून द्यायचो. आता द्यायला लागलो की जीभ अडखळायची, आणि समोरच्यांना वाटायचं की याला बापाची लाज वाटते. दोन-तीनदा असं झाल्यावर मी त्या बैठकांना जाणंच सोडलं. वर्गात घर्षणाचा धडा आला की मी फळ्यावर लिहायचो, तेलाने घर्षण कमी होते. मुलं उतरवून घ्यायची. एका वर्षी एकानं विचारलं, सर, मग कमी झालेलं चांगलं की वाईट? मी म्हटलं, कशाचं त्यावर आहे. आणि पुढचा धडा घेतला.

सुट्टीत चाळीसगावला गाडी बदलून जळगावला जायचो. भाकरी आबा करत, भाजी मी. पुन्हा विषय नव्हता. खरं तर होता, दोघांच्या मधोमध ताटासारखा ठेवलेला, आणि आम्ही दोघं त्याला धक्का न लावता जेवत होतो.

दुसरी मोठी लढाई सुरू झाल्याच्या पुढच्या वर्षी दिवाळीत गेलो तेव्हा आबा खंगले होते. मागच्या दारी उन्हात बसले होते. मी शेजारी बसलो आणि सांगितलं, आबा, ते मी कोरडे केले नव्हते. खोटं बोललो होतो.

त्यांनी मान हलवली, जुनी गोष्ट ऐकल्यासारखी. आट्यांतलं कुंकू बघितलं तेव्हाच त्यांना कळलं होतं. पण एक गोष्ट त्यांना इतकी वर्षं कळली नव्हती आणि ती त्यांनी विचारली. तेल होतं तर स्क्रू रेषेच्या पुढे जायला पाहिजेत. पुढे गेले असते तर निदान घट्ट तरी बसले असते. मग त्यातले दोन रेषेत कसे?

"मांगे काबर फिरावात?"

मागे का फिरवलेस? मी म्हटलं, तुम्हाला कळू नये म्हणून.

ते मग म्हणाले की त्यांना वाटलं होतं, पोराला ते आवडलं असेल. खाच रेषेत असणं. म्हणून केलं असेल. एवढं बोलून त्यांनी तोंड उन्हाकडे केलं.

मी म्हटलं, नानांना जाऊन सांगतो. लोकांना पण कळू दे. ते म्हणाले, "मी शे तोवर नको." का नको ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. विचारायला हवं होतं.

आबा गेले त्यानंतर मी पाचोऱ्याहून छोट्या गाडीनं जामनेरला गेलो. नाना ओट्यावर बसले होते, डोळे जवळजवळ संपले होते. आवाजावरून ओळखलं. सालदार अजून त्यांच्याकडेच होता, आता शेतात नाही, दारात. उजवा पाय लांब करून बसला होता. मी दोघांच्या समोर उभा राहून सगळं सांगितलं. पेचकस, तेल, मागे फिरवणं, आबांना सांगितलेलं खोटं. काही गाळलं नाही. बोलताना मला हलकं वाटत होतं, हेही खरं.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग हात पुढे करून माझं मनगट शोधलं आणि धरलं.

"तुमच्या बापानं दुकानात माह्या तोंडासमोर सांगितलं, हात माह्या व्हता. तो मानूस खोटं बोलनारा नव्हता." मग सालदाराकडे तोंड करून म्हणाले, "बापाचं नाव झाकाले येवढ्या लांब आला. पोरगं असावं तं असं."

मी म्हटलं, नाना, खरंच मीच. ते मनगटावर थोपटत राहिले. मी जितकं जास्त सांगू लागलो तितका मी त्यांना चांगला वाटू लागलो. मग मी सालदाराकडे पाहिलं. त्यानं बहुतेक विश्वास ठेवला होता. दसऱ्याला तो दारात उभा होता, त्यानं मला आवळताना बघितलं होतं. तो पायावरून हात फिरवत म्हणाला, "कोन्ही आवयले काय, पाय तं असाच राह्यला."

नाना म्हणाले, तुमच्या बापाचं शेवटचं काम बघून जा, नंतर बसवलेलं, आजवर हललं नाही. आतून रायफल आणली. ते स्वतः आता चालवत नव्हते, पुतण्या चालवायचा. मी दुर्बिणीवर तळहात ठेवून डोलवली. भिंत डोलवावी तसं वाटलं. मग कड्यांच्या खाली वाकून बघितलं.

चारपैकी एकही खाच रेषेत नव्हती. ढिले राहून टोप्यांखालची जागा झिजली होती, त्यामुळे कोरडे आवळल्यावर ते नव्या जागी थांबले होते, चौघे चार दिशांना. पुन्हा कानस मारून त्यांना रेषेत आणणं आबांना दोन दिवसांचं काम होतं. त्यांनी आणलं नव्हतं. आवळलं, घट्ट झालं, तिथं हात काढला.

नाना विचारत होते, कसं आहे? मी म्हटलं, घट्ट आहे.

निघताना त्यांनी केळीची एक फणी दिली. नको म्हणालो तर सालदार लंगडत उठला आणि ती माझ्या पिशवीत घालून गेला. छोट्या गाडीत समोरच्या बाकावर कुणी नव्हतं. फणी मांडीवर घेऊन मी पाचोऱ्यापर्यंत बसलो. नानांच्या गावात आज मी चांगला मुलगा आहे आणि आबांचा हात चुकला होता. ते तिथं कुणी बदलू शकत नाही, मी पण नाही. म्हणून इथं लिहितो. स्क्रू मी आवळले होते.